पाव पुस्तकाचे सर

सैंदाणे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पुस्तक कापत होते.

मी जळगावच्या या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नुकतीच रुजू झाले होते. वाचनकक्षाच्या मागे एक लांब टेबल आहे. तिथे एक उंच, सडसडीत गृहस्थ पट्टी आणि ब्लेड घेऊन बसले होते आणि समोर भूगोलाचं जाडजूड पुस्तक पालथं घातलेलं होतं. त्यांनी आधी कणा मोकळा केला, मग शिवणीचा दोरा ओढून काढला आणि न्हाव्याच्या सफाईने पुस्तकाचे चार भाग केले. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तरी माझं डोकं फिरतं. इथे तर दिवसाढवळ्या खून चालला होता. मी तरातरा गेले आणि विचारलं, "अहो, हे काय करताय तुम्ही?"

"भूगोल करतोय," मान वर न करता ते म्हणाले. "जरा तो पुठ्ठा सरकवा, ताई."

मी पुठ्ठा सरकवला. त्याला अकरा वर्षं झाली, अजून सरकवतेच आहे.

पुस्तक त्यांचं स्वतःचं होतं, रद्दीवाल्याकडून आणलेलं. कॉलेजच्या पुस्तकाला त्यांनी कधी हात लावला नाही, हे मला मान्य करावंच लागेल. "ती अख्खी असतात म्हणून कोणी वाचत नाही," असं त्यांचं मत. त्यांच्या वर्गात अख्खं पुस्तक कोणालाच मिळत नसे. चौघांचा एक गट आणि गटातल्या प्रत्येकाला पाव पुस्तक. आपला पाव आपण वाचायचा आणि उरलेल्या तिघांना शिकवायचा. परीक्षेच्या दिवशी सर चिठ्ठी काढत. गटातलं ज्याचं नाव निघेल त्याने उभं राहायचं आणि त्याला त्याचा स्वतःचा पाव सोडून बाकी काहीही विचारलं जाई. त्याला पडतील ते गुण चौघांना.

यावर पालक भांडायला येत. एकदा एका सोन्याच्या दुकानवाल्याने टेबलावर हात आपटून विचारलं, "माझ्या पोरीचे गुण दुसऱ्याच्या अकलेवर का?" सरांनी त्याला शांतपणे विचारलं, "तुमच्या दुकानात कारागीर, हिशेबनीस आणि तुम्ही, तिघांपैकी एकाने चूक केली तर गिऱ्हाईक कोणाला नावं ठेवतं?" गृहस्थ चहा पिऊन गेले. मुलगी भूगोलातच एम.ए. झाली.

हुशार मुलांनी पळवाटा काढून पाहिल्या. एका गटाने चारही पावांच्या झेरॉक्स काढल्या आणि चौघं आपापल्या घरी वाचत बसले. परीक्षेत सरांनी विचारलं, "मान्सून समजावताना तुमच्या गटातल्या प्रणालीने कशाचं उदाहरण दिलं?" झेरॉक्समध्ये ते नव्हतं.

गट पाडण्याची त्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरापासून कॉलेजपर्यंतचा नकाशा काढायचा. गल्ली, वळण, पिठाची गिरणी, कुत्रं अंगावर येतं ती जागा, सगळं दाखवायचं. मग सर ते सत्तर-ऐंशी नकाशे माझ्या लांब टेबलावर पसरत आणि दिवसभर पत्त्यांसारखे लावत बसत. ज्या चौघांच्या नकाशात एकही रस्ता सारखा नाही, ते चौघं एका गटात. कोणी पिंप्राळ्याहून सायकलने येणारं, कोणी डाळमिलच्या मागून चालत, कोणी धरणगावहून पॅसेंजरने, कोणी मशिदीच्या बोळातून रिक्षाने. महिनाभरात प्रत्येकाच्या नकाशात बाकीच्या तिघांची घरं आली पाहिजेत, तीही जाऊन पाहून. "या गावात माणसं पन्नास पन्नास वर्षं राहतात ताई, आणि चार गल्ल्या ओळखतात," ते म्हणत. "बाकीचं गाव त्यांना मोबाइलवरून कळतं."

सरांचं एक पालुपद होतं. कोणताही विषय ते निम्म्यावर आणत, थांबत, समोरच्या कोणाकडे तरी बोट दाखवत आणि म्हणत, "पुढचं तो सांगेल." मुलगी असली तर ती सांगेल. वर्गात हे शोभून दिसे, पण सर ते सगळीकडे वापरत. प्राध्यापकांच्या बैठकीत प्राचार्यांनी विभागाचा अहवाल विचारला की सर अर्धा सांगत आणि म्हणत, "पुढचं कुलकर्णी सांगतील." कुलकर्णी गणिताचे. ते बिचारे डुलक्या घेत असत. एका निरोप समारंभात सरांनी सत्कारमूर्तींचा जन्म, बालपण आणि लग्न इथपर्यंत सांगितलं आणि "पुढचं वहिनी सांगतील" म्हणून माइक सत्कारमूर्तींच्या बायकोच्या हातात दिला. त्या बाईंनी खरोखरच पुढचं सगळं सांगितलं. त्या समारंभाची आठवण लोक अजून काढतात.

सरांच्या घरी मंदावहिनी. त्यांनी भाजीची यादी दिली की सर ती मधोमध फाडत आणि अर्धी शेजारच्या गृहस्थांच्या हाती देत. मग दोघं मिळून बाजारात. मेथी एका पिशवीत, वांगी दुसरीत. भरताची वांगी शेजाऱ्याकडे राहिली म्हणून वहिनींना रात्री खिचडी टाकावी लागल्याचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. "ह्यांनी आयुष्यात एक गोष्ट पुरी केली नाही," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं, बायको आहे, बोलायचंच.

आणखी दोन गोष्टी होत्या. त्या मी पाहिल्या होत्या, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही.

पहिली म्हणजे, सर समुद्र शिकवत नसत. जुन्या क्रमिक पुस्तकात दहाव्या धड्यापर्यंत जमीन, डोंगर, नद्या, माती. अकराव्यापासून समुद्र, भरती-ओहोटी, प्रवाह, वारे. पहिले दहा धडे सर इतके सुरेख सांगत की शिपाईसुद्धा दारात थबकत. वर्गात ते तापी मुलताईहून काढून पाच मिनिटांत सुरतेला पोचवत आणि तिच्यातला एक थेंब सांडत नसे. पण तिने समुद्राला हात लावला की सर खडू खाली ठेवत. अकराव्या धड्यापासून मुलंच मुलांना शिकवत आणि सर मागच्या बाकावर मान खाली घालून ऐकत बसत.

दुसरी गोष्ट म्हणजे धुळे. दरवर्षी निकालाच्या सुमारास सर एक किरकोळ रजा टाकत, सकाळच्या एसटीने धुळ्याला जात आणि संध्याकाळी घामाघूम होऊन परत येत. सोबत काही नेत नसत, काही आणत नसत. काय काम होतं विचारलं तर "होतं" म्हणत. स्टाफरूमचं संशोधन असं होतं की सरांचं धुळ्यात दुसरं बिऱ्हाड आहे. कुलकर्णी तर पैज लावायला तयार होते. मीही त्या चर्चेत चवीने बसले आहे, हे आता लिहिताना मला लाज वाटते.

मागच्या वर्षी विद्यापीठाचं एक परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांमध्ये धार्मिक सहिष्णुता वाढवण्यासाठी प्रत्येक विभागाने उपक्रम राबवावा आणि छायाचित्रांसह अहवाल पाठवावा. कॉलेजात धांदल उडाली. मराठी विभागाने भित्तिपत्रकं लावली. वाणिज्यवाल्यांनी सगळ्या धर्मांचे पोशाख भाड्याने आणले आणि पोरांना घालून ओळीत उभं केलं. त्यात एकाचा फेटा दुसऱ्याच्या टोपीवर बसला आणि फोटो तीनदा काढावा लागला. भूगोल विभागाचा अहवाल एका ओळीचा होता. "आमच्याकडे असा उपक्रम नाही. आमच्याकडे पुस्तकं कमी आहेत."

प्राचार्य वैतागून म्हणाले, "सैंदाणे, निदान एखादा फोटो तरी द्या." सरांनी माझ्या वाचनकक्षातल्या एका टेबलाचा फोटो दिला. चार डोकी एका पाव पुस्तकावर वाकलेली, चेहरा एकाचाही दिसत नाही. तो फोटो परत आला. त्यात सहिष्णुता दिसत नाही, असा शेरा होता.

त्या फोटोतल्या चौघांत दोघं होती, सायमा आणि भावेश. सायमाचे वडील बेकरी चालवत. भावेश बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा. सायमाकडे समुद्राचा पाव होता आणि भावेशकडे वाऱ्यांचा. महिनाभर दोघं माझ्या टेबलावर इतकी भांडली की मी त्यांना चारदा बाहेर काढलं. भांडण असे व्यापारी वारे कोणत्या बाजूने वाहतात यावर.

मग परीक्षेच्या आठवड्यात, कोणाच्या तरी मोबाइलवर फिरलेल्या चित्रावरून गावातलं वातावरण तंग झालं. दोन दिवस बाजार बंद राहिला. तिसऱ्या दिवशी कॉलेज उघडलं, मुलं आली आणि माझ्या वाचनकक्षातली टेबलं आपोआप बदलली. कोणी कोणाला उठवलं नाही. जो तो आपापल्या गल्लीतल्या पोरांजवळ जाऊन बसला. मी ग्रंथालयात कायम शांतता मागत आले. त्या दिवशी ती मिळाली आणि मला बसवेना.

दुपारी भावेश काउंटरवर आला. त्याच्या हातात अर्ज होता आणि वाऱ्यांचा पाव. सर तिथेच नकाशे आवरत होते.

"सर, गट बदलून पाहिजे," तो म्हणाला. "घरचे म्हणतात, तिच्यासोबत बसू नको."

मला वाटलं सर समजूत घालतील. पण त्यांनी अर्ज घेतला, वाचला आणि म्हणाले, "देतो बदलून. परीक्षा शनिवारी आहे. तुझा पाव तिच्याकडे नसला तर ते तिघं बुडतात. तेवढा तिला देऊन ये."

"ताईंपाशी ठेवतो सर. ताई देतील तिला."

"ताई नाही. तू द्यायचा, तिच्या हातात."

"सर, मी तिच्या गल्लीत कसा..."

"तुझ्या नकाशात तिचं घर आहे. तूच काढलंय, मी तपासलंय." सरांचा आवाज चढला. अकरा वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "बसू नको तिच्याजवळ. बोलू नको. पण वस्तू ओट्यावर टाकून निघून जायचं नाही, आणि आत लपायचंही नाही. समजलं?"

भावेशला काही समजलं नाही. मलाही नाही. इथे लपायचा प्रश्न आला कुठून? पोरगा पाव काउंटरवर ठेवून खालमानेने निघून गेला. सर पुस्तकांच्या मांडण्यांमागे गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी पाणी घेऊन गेले. ते भूगोलाच्या मांडणीजवळ खाली फरशीवर बसले होते.

तिथे मला धुळ्याचं काम कळलं.

सर धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातले. बी.ए.ला धुळ्यात खोली करून राहिले. खोलीत दोघं, सर आणि रशीद. रशीदही खेड्यातलाच, पलीकडच्या गावचा, आणि अहिराणी सरांपेक्षा सुरेख बोलणारा. दोघांत भूगोलाचं एकच पुस्तक. रोज कोणी आधी वाचायचं यावरून भांडण व्हायचं, म्हणून एका रविवारी रशीदने दाढीच्या ब्लेडने ते मधोमध कापलं. दहाव्या धड्यापर्यंतचा पहिला अर्धा सरांचा, समुद्राचा दुसरा त्याचा. संध्याकाळी एकमेकांना शिकवायचं. रशीदने समुद्र कधी पाहिला नव्हता. तो पाण्याने भरलेल्या परातीत काडेपेटीची काडी सोडून प्रवाह दाखवायचा. वर्गातलं कोणी काही विचारायला आलं तर सर निम्मं सांगायचे आणि रशीदकडे बोट करायचे, "पुढलं तो सांगी."

शेवटच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर शहरात काही झालं आणि घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. सरांच्या वडिलांनी येऊन त्यांना गावी नेलं. येताना बजावलं, त्या पोराशी आता संबंध नको. सर आपला अर्धा घेऊन आले. रशीदला सांगून आले नाहीत.

"परीक्षा चार दिवसांवर होती," सर म्हणाले. "दुपारची वेळ. तो आला. फाट्यापासून पायी आला असेल, पाच मैल. मी खिडकीतून पाह्यलं आणि दार लावून घेतलं. कणगीमागे जाऊन बसलो. मायला सांगितलं, नाही म्हणून सांग."

आई बाहेर गेली आणि म्हणाली, "तो घर नही शे रे भाऊ, मामाना गावले गया."

रशीद ओट्यावर बसला. त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि पिशवीतून आपला अर्धा काढून ओट्यावर ठेवला. "त्याले सांगा माय, पुढलं आणेल शे मी. परीक्षाले लागी." एवढं बोलून तो गेला. त्याने सरांचा अर्धा मागितला नाही. मागणार कोणाकडे, सर घरी नव्हते ना.

"वडिलांनी मनाई केली होती हे खरं," सर म्हणाले. "पण त्या दिवशी वडील शेतात होते, ताई. दार मीच लावलं. मी घरमाच व्हतू."

भूगोलाच्या पेपराला रशीद तीन बाकं पुढे होता. अर्ध्या तासाने तो उठून गेला. सरांकडे पूर्ण पुस्तक होतं. त्यांना भूगोलात पहिला वर्ग मिळाला, मग नोकरी, मग हे सगळं. रशीद नापास झाला आणि शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी भरायच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायला लागला. पुढे दुकान त्याचं झालं. सर दरवर्षी धुळ्याला जातात, त्या गल्लीच्या कोपऱ्यावर चहा पितात, दुकानाची पाटी पाहतात आणि परत येतात.

"आणि समुद्र?" मी विचारलं.

"तो त्याचा आहे," सर म्हणाले. "मी कसा शिकवणार?"

मी रडूबाई नाही, पण त्या दिवशी तिथे फरशीवर बसून मी रडले. मग उठून काउंटरवर गेले, भावेशला फोन लावला आणि माझ्या सगळ्यात खडूस आवाजात सांगितलं की ग्रंथालयात फाटकी पुस्तकं ठेवून घेतली जात नाहीत, ताबडतोब येऊन घेऊन जा. तो आला. पाव छातीशी धरून दारात बराच वेळ उभा राहिला. मी रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले.

शनिवारी परीक्षेआधी तो सरांना शोधत आला.

"दिला, सर."

"हातात?"

"हातात. तिच्या वडिलांनी खुर्ची टाकली ओट्यावर. सगळी गल्ली पाहत होती. मग म्हटलं आलोच आहे तर वारे सांगून टाकू. ती अजूनही चुकीचंच म्हणते, सर." चिठ्ठीत त्याचंच नाव निघालं आणि त्याने सायमाचा समुद्र तिच्या उदाहरणांसकट सांगितला. गट बदलण्याच्या अर्जाचं काय करायचं ते सरांनी विचारलं नाही, त्यानेही तो विषय काढला नाही.

मुलं गेल्यावर सर खिडकीशी उभे होते. "पोरगं एकोणीस वर्षांचं आहे," ते म्हणाले. "त्याला जमलं."

"उद्या रविवार आहे," मी म्हटलं. "मधे माणूस नको म्हणता, पण धुळ्याच्या एसटीत शेजारी बसलेली चालेल ना?"

एरंडोल, पारोळा आणि मग धुळे. सरांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत खाकी कागदात गुंडाळलेला दुसरा अर्धा, रशीदचा. चाळीस वर्षांत त्याचं एक पान दुमडलेलं नव्हतं. हे मी ग्रंथपाल म्हणून सांगते.

गल्लीत वार्निशचा वास होता. पुढे दुकान, मागे घर, दाराला हिरवा पडदा आणि बाहेर ओटा. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सरांना ओळखून मान हलवली. सर तिथे न थांबता पुढे गेले आणि त्यांनी दाराची कडी वाजवली. एक बाई बाहेर आल्या, रशीदची सून. सरांनी आपलं नाव आणि गाव सांगितलं. त्या आत गेल्या. आत कोणीतरी पेल्यात चमचा ढवळत होतं, तो आवाज थांबला. बाई परत आल्या आणि खाली पाहत म्हणाल्या, "अब्बा घर पे नहीं हैं."

सरांनी मान डोलावली. "बरोबर आहे," ते म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून तो अर्धा काढला आणि ओट्यावर न ठेवता बाईंच्या हातात दिला. "हे त्यांचं आहे. परत द्यायचं राहिलं होतं."

आम्ही वळलो. चहावाल्यापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागून हाक आली. बाई पदर सावरत ओट्यावर उभ्या होत्या.

"अब्बा बोल रहे हैं, ये वाला तो उनको याद है. उनको पहला चाहिए था."

सर उन्हात तसेच उभे राहिले. चाळीस वर्षं ज्या वस्तूचं ओझं वाहिलं ती रशीदला कधी हवीच नव्हती. आपला भाग आपल्याला पाठच असतो, लागतो तो दुसऱ्याचा, हे हजारो पोरांना शिकवलेला माणूस स्वतः नेमका चुकीचा अर्धा घेऊन आला होता. पहिला अर्धा जळगावला, कपाटात.

मग सर परत गेले आणि ओट्याच्या कडेला पडद्याकडे तोंड करून बसले. चपला काढून बाजूला ठेवल्या, घसा साफ केला आणि पुस्तकाशिवाय पहिला धडा सुरू केला. पृथ्वी कशी झाली, निवली कशी, तिच्यावर कवच कसं धरलं. वर्गातलाच आवाज होता, फक्त मधूनमधून अडखळत होता. दुकानातली पोरं काम थांबवून पाहत होती. पडद्याआड काही हललं नाही. पाऊण तासाने धडा संपला तेव्हा सवयीने सरांचं बोट वर आलं. तोंडातलं वाक्य त्यांनी गिळलं आणि हात मांडीवर ठेवला.

बऱ्याच वेळाने बाई दोन कप चहा घेऊन आल्या. "अब्बा बोल रहे हैं, आज बस इतना."

त्याला वर्ष होत आलं. सर एक रविवार आड धुळ्याला जातात. रशीदभाई एकदाही बाहेर आलेले नाहीत, एक शब्द बोललेले नाहीत. पण मध्ये मी गेले होते तेव्हा पडद्याखालून खुर्चीचे पाय दिसले, आणि दोन पावलं, उंबऱ्याला टेकलेली. स्टाफरूमला मी सगळं सांगितलं. कुलकर्णींनी आता बैठकीत डुलकी घेणं सोडलं आहे, न जाणो पुढचं सांगावं लागलं तर.

सर या मे महिन्यात निवृत्त होतील. दिवाळीआधी अभ्यासक्रम संपवणारा माणूस, पण धुळ्याच्या ओट्यावर त्यांची गाडी सरकेना. सातवा धडा नद्यांचा, तो त्यांनी तीन रविवार पुरवला. मी चिडून म्हटलं, "असं शिकवलंत तर जन्मात संपायचा नाही."

पुठ्ठ्याला खळ लावता लावता त्यांचा हात थांबला. "दहावा संपला की त्याची पाळी येते, ताई," ते म्हणाले. "तो बोललाच नाही तर?"

परवा त्यांनी तापी घेतली होती. मी विचारलं, झाली का पुरी? ते म्हणाले, नाही, भुसावळपर्यंत आणून ठेवली आहे.